बेबी मॉनिटर कुठला घ्यावा? माडीवर बाळ, खाली माग

धोटा

नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली साड्या विणायचे सहा यंत्रमाग, वर माडीवर राहणं. पहिलीच मुलगी, आता चार महिन्यांची होईल. बायको बाळंतपणाला माहेरी गडहिंग्लजला होती, गेल्या आठवड्यात बाळाला घेऊन आली.

माग चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही, तिथं माडीवरचं रडणं कुठलं ऐकू येणार? मी मागावर, बायको कांड्या भरते म्हणजे मागासाठी सूत गुंडाळते, दोघांचंही काम खालीच. आई वर असते, पण तिला कमी ऐकू येतं आणि कानाचं मशीन ती आडवी होताना काढून ठेवते.

परवा बाळ झोपलं म्हणून दोघंही खाली आलो. आईचाही डोळा लागला. थोड्या वेळानं पलीकडच्या गॅलरीतल्या कानडी अक्का पळत आमच्या दारात आल्या आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागल्या, "कूस अळाकत्तैती!" म्हणजे बाळ रडालंय. मला नुसते ओठ हलताना दिसले. माग बंद केला तेव्हा कळलं. वर गेलो तर पोरीचा आवाज बसलेला, नुसते हुंदके चाललेले, आणि आई शेजारी शांत झोपलेली. तिला उठवून सांगितल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून बायको दर दहा मिनिटांनी जिना चढते. ओली बाळंतीण आहे, असं किती दिवस चालणार?

ऑनलाईन बघितलं तर नुसत्या आवाजाचे, कॅमेऱ्याचे, वाय-फायचे, बिनवाय-फायचे असे पन्नास प्रकार आहेत. कुणी वापरला असेल तर सांगा. आणि मुख्य म्हणजे, खाली आवाजच ऐकू येणार नसेल तर मॉनिटर घेऊन उपयोग काय, याचंही उत्तर पाहिजे.

टिळकवाडीकर

अभिनंदन, पहिली बेटी! माझं स्पष्ट मत सांगतो, राग मानू नका. यंत्र घेण्यापेक्षा माणूस बघा. दुपारी तीन-चार तास बाळाजवळ बसायला गल्लीतली एखादी मावशी मिळाली तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. आमच्या दोन्ही मुलांना आम्ही असंच वाढवलं.

आज्जी_कडोलीची

माझी चार पोरं शिवारात वाढली. बांधावरच्या आंब्याला झोळी बांधायची आणि भांगलायला बसायचं. रडलं की चार वाफे पलीकडं ऐकू यायचं, कारण शिवारात दुसरा आवाजच नसायचा. वडगावच्या बाळाची आई काही निष्काळजी नव्हे. तिथं मागाचा आवाज आहे, म्हणून तिला काहीतरी साधन पाहिजे. घे बाबा तू यंत्र, लोकांचं ऐकू नकोस. आणि तुझ्या आईला बोल लावू नका कुणी. म्हातारपणी कान गेला की माणूस आधीच घाबरून असतं.

धोटा

आज्जी, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तिला बरं वाटलं.

टिळकवाडीकर, मावशी बघितली. ती सकाळी येऊ शकते, पण आमचे माग संध्याकाळीही चालतात.

चिऱ्याचं_घर

आमचं घर जांबोटीजवळ, खानापूर तालुक्यात. आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतला होता, नुसत्या आवाजाचा. तीन गोष्टी सांगते.

एक, भिंती. खोक्यावर ३०० मीटर लिहिलेलं असतं, ते उघड्या मैदानातलं. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड-दीड फुटाच्या. मधे अशा दोन भिंती आल्या की स्वयंपाकघरातसुद्धा खरखर सुरू व्हायची. संपर्क तुटला की टूं-टूं वाजणारा सेट घ्या, म्हणजे शांतता आहे ती बाळ झोपल्याची की यंत्र तुटल्याची, हे कळतं. आमच्यात ती सोय होती म्हणून वाचलो.

दोन, पाऊस. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. आवाज झाला की आपोआप चालू होणारा प्रकार असतो त्यात. जुलैत पडवीच्या पत्र्यावर सर आली की सगळे लाल दिवे लागायचे ते रात्रभर तसेच. त्यात बाळ रडतंय की पाऊस पडतोय, काही कळायचं नाही. मग आवाजाची पातळी कमी करावी तर बाळाची कुरकुर ऐकू येईना. शेवटी पावसाळाभर मीच बाळाजवळ झोपले आणि सेट दिवसा मागच्या परसात जाताना वापरला. तुमच्याकडं पावसाच्या जागी माग आहेत, तेव्हा हा प्रश्न तुम्हालाही येणार.

तीन, मच्छरदाणी. बहिणीनं कॅमेऱ्याचा घेतला होता. अंधारात तो न दिसणारा प्रकाश टाकतो, तो मच्छरदाणीच्या जाळीवरून परत येतो आणि पडद्यावर नुसतं पांढरं धुकं दिसतं. जाळीपासून लांब आणि तिरका लावल्यावर जरा दिसायला लागलं.

निपाणीकर

मच्छरदाणीचं अगदी खरं आहे. आम्ही आठवडाभर कॅमेरा बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडत होतो!

रेडिओ_दुरुस्ती

धोटा, तुमच्या प्रश्नाचं मर्म वेगळं आहे. शटलच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढं जातो. त्या आवाजात कुठल्याही मॉनिटरचा स्पीकर ऐकू येणार नाही, वीस हजारांचा असला तरी. तुम्हाला ऐकायचं नाहीच, तुम्हाला कळायला पाहिजे. म्हणजे थरथरणारा किंवा दिवा लागणारा पाहिजे. ज्या आई-वडिलांना ऐकू येत नाही ते अशाच साधनांवर मुलं वाढवतात.

प्रकार थोडक्यात सांगतो. नुसत्या आवाजाचे सेट साधे, बॅटरी जास्त वेळ चालते. कॅमेऱ्याचे दोन तऱ्हांचे. एकात कॅमेरा आणि आपल्या हातातला पडदा थेट एकमेकांशी बोलतात, बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर, सारख्या वाहिन्या बदलत. त्याला इंटरनेट लागत नाही. दुसरा वाय-फायचा, तो फोनवर दिसतो, पण राउटर बंद पडला की सगळंच बंद, आणि फोनवर सूचना यायला कधी कधी वेळ लागतो. तुम्ही पहिल्या तऱ्हेतला घ्या, ज्याच्या हातातल्या भागाला व्हायब्रेशन आहे असा.

दुकानात एक गोष्ट जरूर विचारा. हातातल्या भागाला बॅटरी असतेच, पण बाळाजवळच्या भागाला असते का? पुष्कळ सेटमध्ये नसते. लाईट गेली की तोच भाग बंद. यूएसबीवर चालणारा असेल तर पॉवर बँक लावून काम भागतं.

आणि अमेरिकेहून कुणी डेक्टचा (घरातल्या बिनतारी फोनच्या तंत्राचा) सेट पाठवत असेल तर नको म्हणा. तिकडचे १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडं ती जागा मोबाईलची आहे.

धोटा

"ऐकायचं नाही, कळायला पाहिजे." हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली हेच तर मी सांगालेय. खूप आभार.

लाईटचं एक आहे की आमच्याकडं लाईट गेली की मागही थांबतात, घर एकदम शांत होतं आणि पोरगी रडली तर आपोआप ऐकू येतं. तरी पॉवर बँकचं ध्यानात ठेवतो.

पुण्यातून_बेळगावकर

मी माझ्या मुलाला पुण्यातून बघतो, बायको-मुलगा हिंदवाडीत आई-बाबांकडं. त्यामुळं मला वाय-फायवाल्याची बाजू मांडायची आहे. दर शनिवारी येतो, पण मधल्या पाच दिवसांत मुलगा पालथा पडायला शिकला, ते मला कॅमेऱ्यामुळं बघायला मिळालं. रात्री साडेदहाला ऑफिसातून येऊन त्याला झोपलेला बघितलं की दिवस सुटतो. लांब राहणाऱ्या बापाला ही सोय फार मोठी आहे. "वाय-फाय नकोच" असं सरसकट म्हणू नका.

सासरी_शहापुरात

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. पुण्याच्या दादांबद्दल काही नाही, त्यांची माया कळते.

माझे मिस्टर आखातात नोकरीला. बाळ दीड महिन्याचं असताना त्यांनी कॅमेरा पाठवला, बाळ दिसावं म्हणून. पासवर्ड त्यांनी सासूबाईंना दिला, त्यांनी नणंदेला. एका दुपारी मी बाळाला पाजत होते. न्हाऊन आलेली, केस मोकळे, पदर बाजूला. आणि खोलीत कुणी नसताना नणंदेचा आवाज आला, "वैनी, मान नीट धर की त्याची." त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी इतकी दचकले की बाळ सुटलं आणि किंचाळून रडायला लागलं. नणंद मनानं वाईट नाही, तिला मदतच करायची होती. पण त्यानंतर दोन दिवस मी त्या खोलीत पाजू शकले नाही. न्हाणीशेजारच्या बोळात पाट टाकून बसायचे.

मिस्टरांना रडत रडत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्याच रात्री त्यांनी पासवर्ड बदलला आणि सासूबाईंशी स्वतः बोलले, मला मधे न आणता. आता पाजायच्या वेळी मी कॅमेऱ्यावर बाळाचं टोपडं घालते. टोपडं दिसलं की ते समजतात आणि नंतर फोन करतात.

म्हणून सांगते, कुठलाही घ्या, पण बाळाच्या आईला विचारून घ्या. त्या खोलीत ती पण असते.

आज्जी_कडोलीची

पोरी, बरं केलंस लिहिलंस. आमच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत पुरुष काय, मोठी माणसंसुद्धा खाकरून यायची.

पुण्यातून_बेळगावकर

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मी पाजताना पाठ करून बसते, तुझ्या लक्षात आलं नाही होय?" नाही आलं. आता कॅमेरा फक्त पाळण्याकडं वळवलाय आणि बाबांच्या फोनवरून ॲप काढलं.

पासवर्डचा विषय निघालाय म्हणून सांगतो. खोक्याबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, दुसरीकडं वापरलेला इथं वापरू नका, आणि फोनवर कोड येण्याची दुहेरी सोय असेल तर चालू करा. २०१३ साली अमेरिकेत ह्यूस्टनला एका परक्या माणसानं बेबी मॉनिटरमध्ये शिरून झोपलेल्या मुलीला शिवीगाळ केली होती. आई-बापांनी खोलीत धावत जाऊन वायर उपटली.

टिळकवाडीकर

हे सगळं वाचून माझं पहिलं मत जरा बदललं. धोटा, तुम्ही आवाजाचाच घ्या.

लहान_मुलांची_डॉक्टर

मी बेळगावात बालरोगतज्ज्ञ आहे. पालक हा प्रश्न आता रोज विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा वायर. मॉनिटरची वायर बाळाच्या हाताला लागता कामा नये, पाळण्यापासून किमान तीन फूट लांब. २०११ साली अमेरिकेत गळ्याला वायर आवळून दोन बाळं दगावल्यावर सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटरबद्दल इशारा काढावा लागला. आज पालथं न पडणारं बाळ पुढच्या महिन्यात हात लांब करून वायर ओढतं. कॅमेरा पाळण्याच्या दांडीला बांधू नका.

दुसरं, बाळाच्या पायात घालायचे, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारे मोजे. ते घ्यावेत का असं घाबरलेले पालक विचारतात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ मध्ये अशा एका मोज्याच्या कंपनीला बिनपरवाना वैद्यकीय उपकरण विकल्याबद्दल ताकीद दिली होती. २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या मोज्याला परवानगी मिळाली. पण अचानक होणारे बाळमृत्यू टाळायला असं यंत्र वापरू नका, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते. उपयोग कशाचा होतो? बाळाला पाठीवर झोपवणं, सपाट आणि कडक बिछाना, तोंडाजवळ उशी-दुलई नसणं, आणि पहिले सहा महिने तरी आई-बापांच्याच खोलीत पण स्वतंत्र जागी झोपवणं. तिकडं १९९४ साली पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर आले. त्यात एकही यंत्र नव्हतं.

तिसरं, आपल्याकडचं. थंडीत दारं-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, धुरी देतात. कोळशाचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साईड) डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि कुठलाही बेबी मॉनिटर तो सांगत नाही. शेक द्यायचाच असेल तर दार उघडं ठेवा आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर न्या. हे मी हात जोडून सांगते.

आणि धोटा, तुमच्यासाठी वेगळं. तुमच्या बाळाची ऐकण्याची तपासणी झाली आहे का? प्रत्येक बाळाची पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. माडीवर मागांचा आवाज किती येतो तेही बघा. बाळाच्या खोलीत सतत मोठा आवाज नको. जिन्याचं दार लावून घ्या, फटींना कापड लावा. जमलं तर बाळाला मागच्या खोलीत हलवा.

धोटा

डॉक्टर मॅडम, तपासणी झाली नव्हती. गडहिंग्लजला कुणी सांगितलं नाही, आम्हालाही माहीत नव्हतं. उद्याच नेतो.

निपाणीकर

झोळीबद्दल कुणीतरी सांगा. आमच्याकडं साडीची झोळी आहे, कॅमेऱ्यात बाळच दिसत नाही, नुसती साडी दिसते.

लहान_मुलांची_डॉक्टर

झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाचा श्वास अडू शकतो. जागं माणूस समोर असताना थोडा वेळ ठीक, पण झोप लागली की सपाट अंथरुणावर ठेवा.

धोटा

तीन आठवड्यांनी लिहालोय, माफ करा. दसऱ्याच्या साड्यांची घाई होती.

आधी महत्त्वाचं. पोरीची कानाची तपासणी झाली, दोन्ही कान व्यवस्थित आहेत. बाहेर आल्यावर बायको बाकावर बसून पाच मिनिटं नुसती बाळाकडं बघत बसली.

आता सेटचं. बिनइंटरनेटचा घेतला, नुसत्या आवाजाचा, व्हायब्रेशनवाला, पाच दिव्यांचा. पहिल्या दिवशी बाळाजवळचा भाग लाकडी मांडणीवर ठेवला. खोलीत कुणी नसताना खाली माग सुरू केले तर पाचातले तीन दिवे लागलेलेच! जांबोटीच्या ताईंनी पावसाचं सांगितलं होतं तसंच. मग लक्षात आलं की मांडणीचे पाय फरशीवर आणि फरशी मागांबरोबर थरथरते, मांडणीवरची भांडीसुद्धा बारीक वाजतात. तो भाग भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, खाली वाकळेची चौपदरी घडी, पाळण्यापासून हातानं मोजून चार फूट. आता माग चालू असताना एक दिवा लागतो, कधी तोही नाही. फोनवर बाळाचं रडणं भरून ठेवलं होतं ते उशाशी वाजवलं, पाचही दिवे लागले.

हातातला भाग बायको कमरेला खोचते. कांड्या भरायला बसते तेव्हा तिला थरथर लगेच कळते. मला मात्र मागाजवळ उभं राहून कळेना, कारण माझ्या पायाखालचीच जमीन थरथरत असते. म्हणून रेडिओवाल्या दादांचं ऐकून गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून वेगळा लाल दिवा करून घेतला, वर आवाज झाला की मागासमोरच्या भिंतीवर लागतो. तो आईलाही दाखवला. आता तिच्या खाटेसमोरही एक दिवा लावायचाय, म्हणजे तिलाही कळेल. तिनंच मागितला.

काल दुपारी दिवा लागला, मी मागाचा धोटा (शटल) थांबवेपर्यंत बायको जिना चढून वर पोहोचलेली. पोरगी नुकतीच कुरकुरायला लागली होती, रडूसुद्धा नव्हतं आलं. समोरच्या गॅलरीतून अक्का बघत होत्या. बायकोनं कमरेचा सेट काढून त्यांना दाखवला. अक्का म्हणाल्या, हे ठेव, पण मी पण बघत जाईन.

चिऱ्याचं_घर

वाकळेची घडी! पावसाळ्याच्या आधी हे माहीत असतं तर. आमचा सेट पत्र्याच्या कपाटावर असायचा.

सासरी_शहापुरात

घामानं कमरेचा सेट ओला होत नाही का? माझ्या वहिनीचे वडगावातच माग आहेत, तिला विचारायचंय.

धोटा

होतो. बायकोनं त्याला सुती कापडाची पिशवी शिवलीय, नाडीची, कमरेच्या दोरीला अडकवायला. वहिनींना सांगा हवी असेल तर एक शिवून देते म्हणालीय.